दोनशे मिलिसेकंद

माझ्या टेबलावर एक वीट आहे. भट्टीतली नव्हे, काळ्या प्लास्टिकची. पूर्वी ती डॉक होती: लॅपटॉपला एकच वायर लावली की मॉनिटर, माऊस, नेट सगळं जोडून द्यायची. फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आत राहून त्याला चालवणारा प्रोग्राम, चढवताना मध्येच मान टाकलेल्या उपकरणाला आमच्या धंद्यात 'ब्रिक झालं' म्हणतात. ही मी केली. मला साफसफाईची हौस आहे म्हणून.

लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या प्रणालीवर, एफडब्ल्यूअपडी नावाची एक सेवा पडद्यामागे गुपचूप चालू असते. रिचर्ड ह्यूजेस यांनी ती 2015 मध्ये सुरू केली. कंपन्या आपापलं फर्मवेअर एलव्हीएफएस नावाच्या कोठारात ठेवतात, ही सेवा ते आणते, पारखते आणि उपकरणात घालते. 'बायोस अपडेट करायचंय, म्हणून जरा विंडोज टाकतो' हे लाजिरवाणं वाक्य तिच्यामुळे बरंच कमी ऐकू येतं. (बायोस म्हणजे संगणक सुरू करून देणारं फर्मवेअर.)

आता प्रत्येक उपकरणाची तऱ्हा वेगळी. म्हणून मधला गाभा सगळ्यांना एक आणि भोवती शंभरावर प्लगइन, म्हणजे एकेका तऱ्हेच्या उपकरणासाठी जोडलेले कोडचे तुकडे. एखादा वायरलेस माऊसचा, एखादा एसएसडीचा, एक आमच्या डॉकचा. शिवाय 'क्वर्क' फायली. क्वर्क म्हणजे खोड. त्यात उपकरणाचा नंबर आणि त्याची खोड अशी जोडी लिहिलेली. उदाहरणार्थ, 'रिमूव्हडिले': हा गडी अपडेटनंतर उठून बाहेर जातो, इतका वेळ परत येत नाही, तोवर बोंब मारू नये. आमच्या आईच्या लग्नकार्याच्या वहीत शेवटच्या पानावर अशीच यादी असे. धाकट्या आत्या, लसूण नाही. नागपूरचे काका, पहिल्या पंगतीला बसवणे. का, ते लिहिलेलं नसे. पण ज्या वर्षी काका दुसऱ्या पंगतीला बसले, ते वर्ष घरात सगळ्यांच्या लक्षात आहे.

तर आमच्या डॉकचा प्लगइन जुना झाला होता आणि तो नव्या पद्धतीने बसवायचं काम माझ्याकडे आलं. रिफॅक्टरिंग म्हणजे बाहेरून वागणं तेच ठेवून आतलं घर आवरणं. दिवाळीचा माळाच. सारखं दिसणारं एकत्र केलं, मेलेले फंक्शन काढले, नावं सुधारली. कोडमध्ये जागोजागी थांबे होते, म्हणजे 'इतका वेळ नुसता थांब' अशा सूचना, जुन्या पद्धतीने मायक्रोसेकंदांत लिहिलेले, शून्यं मोजता मोजता डोळे शिणावेत असे. ते मिलिसेकंदांत आणत होतो. त्यातला एक थांबा नवं लिहिण्याआधी चिपमधला दर ब्लॉक पुसल्यावर होता, 200 मिलिसेकंदांचा. शेजारी टिप्पणी नाही, काही नाही. फर्मवेअर 1 एमबी, 4 केबीचे 256 ब्लॉक, म्हणजे सुमारे 51 सेकंद नुसतं बसून राहायचं. चिप तर 'पुसून झालं' असं स्वतःहून सांगत होती. मग थांबायचं कशाला? काढून टाकला.

चाचण्या हिरव्यागार. एफडब्ल्यूअपडीत एक झकास सोय आहे: खऱ्या उपकरणाशी झालेलं यूएसबीवरचं संभाषण टिपून ठेवता येतं आणि पुढे उपकरण हाताशी नसतानाही ते परत वाजवून कोड तपासता येतो. सवाल तेच, जवाब तेच, तर पास. मी खूश. फक्त अशा खोट्या उपकरणापुढे सेवा कुठलेच थांबे पाळत नाही, सरळ उड्या मारत जाते, आणि ते बरोबरच आहे. टेपवरच्या चिपला दम लागत नाही. माझी चूक पकडायला मात्र नेमकी दम लागणारी चिपच हवी होती.

खऱ्या डॉकवर लावलं. 37 टक्क्यांवर पट्टी थांबली. वायर काढून लावली, दुसऱ्या पोर्टला लावली, उगाच फुंकर मारून पाहिली. त्या चिपमध्ये जुन्या फर्मवेअरची जोडप्रत ठेवायला जागाच नव्हती, त्यामुळे मागे फिरायची वाटही नाही.

मूळ कोड लिहिणारे सर आता नोकरी सोडून साताऱ्याकडे शेती बघतात. फोन केला.

"दोनशेवाला काढलास?" त्यांनी विचारलं. मी अजून काही सांगितलंही नव्हतं.

"सर, पण चिप 'झालं' म्हणते की."

"म्हणते. माझी सूनही 'निघालो' म्हणते, तेव्हा गाडीची किल्ली शोधत असते. अरे, शंभर ठेवले तर दहात एकदा अडायची. दोनशेला नाही अडली. ठेवून दिलं."

"मग तिथं एक ओळ लिहायची ना, सर!"

"शुक्रवार होता रे."

कुकरची वाफ जिरल्याशिवाय झाकण उघडू नये, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. आणि ज्या मुलखात साक्षात विठोबाला वीट फेकून 'थांब जरा' सांगितलं गेलं, तिथला मी. मला थांबवेना, आणि वीट पदरात पडली.

थांबा परत घातला. वर तीन ओळींची टिप्पणी लिहिली, काय होतं आणि किती प्रयोगांत होतं, तारखेसकट. माझा कोड तपासणाऱ्या मुलीने खाली विचारलं, "हे 150 करून बघायचं का?" मी तिला टेबलापाशी बोलावलं. विटेखाली लाइटबिलं ठेवली होती, पंख्याने उडू नयेत म्हणून.

ती म्हणाली, "राहू द्या, दोनशेच."