मारुतीच्या गळ्यापर्यंत

पावसाळ्यात नाशिककराचं हवामान खात्यावाचून फारसं अडत नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे, तो सांगतो. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की घाटावरच्या टपऱ्या हलतात. कमरेला आलं की सराफातले आणि भांडीबाजारातले दुकानदार माल माळ्यावर चढवायला लागतात. छातीला पोचलं की उरलेलं गाव पूर बघायला निघतं. त्याच्याही पलीकडचं माप म्हणजे काठावरच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा, पण तिचं नाव घेताना जुनी माणसं अजूनही आवाज खाली आणतात.

परवा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मारुती माझ्या फोनमध्ये कमरेपर्यंत बुडाला. सव्वासातला छातीपर्यंत. पावणेआठला तो पुन्हा गुडघ्यावर आला, कारण सोलापूरच्या मावसभावाला पहाटेचा फोटो तेव्हा कुठे मिळाला होता. मी एकूण चौदा गटांत आहे. शाळेचा, कॉलेजचा, ऑफिसचा, साहेब नसलेला ऑफिसचा, सोसायटीचे दोन (एक पार्किंगच्या भांडणाआधीचा, एक नंतरचा), असे करत करत चौदा होतात. चौदाही ठिकाणी तोच फोटो, तोच कोन आणि खाली 'गोदामाईचं रौद्र रूप'. शिवाय गंगापूर धरणातून इतका इतका क्यूसेक विसर्ग. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे घरातले दीड-दोन हंडे, असा हिशेब मी एकदा गटावर मांडला होता. त्याला एक अंगठा आला. तोही चुकून दिलेला असावा, कारण थोड्या वेळाने काढून घेतला.

आता खरं सांगतो. तो फोटो मीही पुढे पाठवला. पुढे पाठवलेली गोष्ट व्हॉट्सअ‍ॅप आता एका दमात एकाच गटाला पाठवू देतं, म्हणून एकेका गटाची पंगत बसवून चौदाही गट जेवू घातले. मग चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलो आणि लक्षात आलं की मारुती आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे, आणि मी अजून खिडकीसुद्धा उघडलेली नाही.

२००८ च्या सप्टेंबरात असाच, किंबहुना याहून मोठा पूर आला होता. तेव्हा माझी अनुदिनी होती. ब्लॉगला कुणीतरी हा मराठी शब्द शोधला होता. दुसरा होता जालनिशी. दोन्ही शब्द गुणी, पण स्थळं चांगली असूनही लग्न जमू नये तसं त्यांचं झालं. अनुदिनी म्हटलं की मला शाळेतली सायंप्रार्थना आठवायची. ती लिहिणाऱ्या समर्थांनी आमच्या टाकळीला बारा वर्षं तप केलं म्हणतात, तेही एकसुद्धा फॉलोअर नसताना. माझ्या अनुदिनीला वाचक होते अकरा. खाली भेटी मोजणारा एक आकडा असायचा, त्यावरून हे कळायचं. त्या अकरांतला चार वेळा मीच होतो, वेगवेगळ्या संगणकांवरून.

देवनागरीत लिहिणं ही तेव्हा अंगमेहनत होती. रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवायची. कुठल्या संगणकावर जोडाक्षरं फुटायची, कुठे ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराच्या मांडीवर जाऊन बसायची. 'ज्ञ' कसा काढायचा ते मला कितीतरी दिवस सापडलं नव्हतं. म्हणून मी 'ज्ञान' हा शब्दच टाळून सगळीकडे 'माहिती' लिहायचो. माझ्या त्या काळच्या लिखाणात जी थोडीफार नम्रता दिसते, ती अशी आली आहे.

तर त्या पुराच्या दिवशी मी घाटाच्या बाजूला जाऊन तास-दीड तास उभा राहिलो आणि रात्री घरी येऊन लिहिलं. पूर म्हणजे नाशिकची बिनतिथीची जत्रा, असा एकूण सूर होता. खांद्यावर पोरं, हातात भाजलेली कणसं, छत्र्यांची गर्दी, 'एकोणसत्तरचा पूर बघितला असता तर याला ओहोळ म्हणाला असतास' असं सांगणारे आजोबा. लेख मला फार आवडला. चार वेळा वाचला. (ते चार.)

तीन-चार दिवसांनी कुकरची रिंग घ्यायला भांडीबाजारात गेलो. पाणी उतरलं होतं आणि सगळ्या बाजाराला चिखलाचा एकच रंग आला होता. ओळखीचे दुकानदार ओट्यावर बसून पातेली धूत होते. एक धुवायचं, उन्हाकडे धरून बघायचं, पुन्हा धुवायचं. मी रिंग मागितली. ते म्हणाले, "मिळेल की. आतल्या खोक्यात असेल, चिखल काढला की देतो. पूर बघायला आला होतात ना परवा? मी वरून बघितलं तुम्हाला, माळ्यावरून. कणीस खात होतात."

टोमणा नव्हता त्यात. त्यांनी बघितलं होतं, म्हणून सांगितलं. तोच तर त्रास.

घरी येऊन मी त्या लेखाखाली दुसरा लेख लिहिला. पहिला खोडला नाही. पूर खालून वेगळा दिसतो आणि माळ्यावरून वेगळा, परवाचा मी जरा पोरकटच होतो, असं साधारण त्यात होतं. अकरा वाचकांपैकी कुणीही काही बोललं नाही. परवा तर असं म्हणाला होतात, असं विचारलं नाही की भूमिका बदलल्याबद्दल अभिनंदन केलं नाही. मी माझ्याशी वाद घातला, हरलो, आणि जेवायला बसलो.

मग ऑर्कुट आलं, म्हणजे ते आधीच, २००४ पासून होतं. आमच्याकडे उशिरा पोचलं. तिथे एकमेकांच्या खरडवहीत खरडायचं. २०१४ मध्ये ते बंद पडलं तेव्हा त्यावर कुणी राहतच नव्हतं. फेसबुकने २००९ साली अंगठ्याचं बटण आणलं. या अंगठ्याबद्दल लोक फार वाईट बोलतात, मला तो अजूनही मिळाला की बरं वाटतं. गटांबद्दलही माझी सरसकट तक्रार नाही. मागे एकदा पावसात पंचवटीतल्या आत्याची गोळी संपली तेव्हा रामसेतू पाण्याखाली आहे, होळकर पूल चालू आहे, हे मला गटानेच सांगितलं, आणि एकाने तर आपल्या स्कूटरवरून गोळी पोचती केली. तेव्हा मी गटाला नावं ठेवणार नाही. माझी अडचण जरा वेगळी आहे, आणि ती मिसळीची आहे.

मिसळीच्या बाबतीत नाशिकमध्ये लोकशाही नाही, घराणी आहेत. अमक्या काळ्या रश्श्याचे, तमक्या लाल रश्श्याचे. लग्न होऊन मुलगी सासरी जाते, पण रस्सा माहेरचा ठेवते. अलीकडे गावाबाहेर मळ्यांमध्ये मिसळी निघाल्या आहेत. पापड, दही, जिलबी, झोका, फोटोपुरती बैलगाडी. प्रत्येकीवर कुणीतरी 'कुणालाच माहीत नसलेली जागा' असा व्हिडिओ केलेला असतो आणि दारात चाळीस गाड्या लागलेल्या असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका मळ्यातून परतल्यावर मी फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. मला ही मिसळ खास वाटली नाही, रश्श्यापेक्षा झोका बरा.

बस्स. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या खात्यात माझ्या आयुष्यातले सगळ्यात जास्त अंगठे जमा झाले. अकरा वाचकांच्या माणसाला हे झेपत नाही. कुणी म्हणालं, शेवटी कुणीतरी खरं बोललं. कुणी म्हणालं, वेगळा विचार करायला धाडस लागतं. कुणी मला पुण्याला जाऊन राहण्याचा सल्ला दिला. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तरात माझं मत दुपारपेक्षा जरा जास्त कडक होत गेलं. सकाळी 'खास वाटली नाही' म्हणणारा मी रात्री साडेदहाला मळ्यातल्या मिसळीने नाशिकची संस्कृती कशी बुडवली यावर परिच्छेद लिहीत होतो. बायको दिवा बंद करायला आली. तिने वाचलं आणि विचारलं, "अहो, पण तुम्हाला त्या दिवशी सर्दी झाली होती ना?"

झाली होती. ते मी कुठेही लिहिलं नव्हतं.

पुढे दीडेक वर्षाने पाहुणे आले, त्यांना घेऊन नाइलाजाने त्याच मळ्यात गेलो. आणि काय सांगू, मिसळ उत्तम होती! मटकीचा दाणा अख्खा, रश्श्याला भाजलेल्या कांद्या-खोबऱ्याचा वास, तिखट असं की घशात न बसता डोक्यावर चढावं. आता सरळ गोष्ट अशी की घरी येऊन लिहायचं, मंडळी, माझं चुकलं. लिहायला बसलोही. पण तोवर मी गावात 'ते मिसळवाले' झालो होतो. लग्नात लोक माझी ओळख करून द्यायचे, हेच ते, झोका बरा म्हणणारे. माझं एक मत होतं ते आता माझं राहिलं नव्हतं, त्याला माणसं लागली होती. ती मला मागे कशी फिरू देतील?

त्यामुळे सध्या मी मंगळवारी जातो. मागच्या टेबलावर, द्राक्षांच्या बागेकडे तोंड करून बसतो. मालक लांबूनच ओरडतात, "साहेब, नेहमीचं ना?" मी त्यांना हाताने खूण करतो की हळू बोला.

वेगळा विचार या गोष्टीचं आमच्या कंपनीत एकदा प्रशिक्षणही झालं. हॉटेलचा हॉल, फेटा बांधून स्वागत, दिवसभर चौकटीबाहेर कसं पडायचं. बाहेरगावच्या गुरुजींनी फळ्यावर नऊ ठिपके काढले. तीन ओळी, ओळीत तीन. पेन न उचलता चार सरळ रेषांत जोडा म्हणाले. उत्तर असं की रेषा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर काढायची. आम्ही तिसाच्या तीस जणांनी अर्ध्या मिनिटात ती एकाच कोपऱ्यातून, एकाच दिशेने बाहेर काढली, कारण प्रत्येकाने ते कोडं आधी कुठे ना कुठे पाहिलेलं होतं. गुरुजींचा चेहरा पडला. या कोड्यासाठी त्यांनी वीस मिनिटं राखून ठेवली होती. चहा लवकर आला, एवढा फायदा झाला.

मिसळीनंतर मला ते नऊ ठिपके पुष्कळदा आठवतात. वेगळा विचार करा म्हणतात, पण कुणापेक्षा वेगळा? शेजाऱ्यापेक्षा वेगळं बोलणं काही अवघड नाही. तो 'छान' म्हणाला की आपण 'ठीक' म्हणायचं, अंगठे मिळतात. कालच्या आपल्यापेक्षा वेगळं बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. गोदाघाटावर बायका अंघोळ करून लुगडं बदलतात, तेव्हा दुसरी कुणीतरी साडीचा पदर धरून आडोसा करते. मत बदलायलाही तेवढा आडोसा लागतो. माझ्या अनुदिनीत तो होता. आता ती सगळ्या जगाला उघडी होती म्हणा, पण सगळं जग आणि कुणीच नाही यांत तसा फारसा फरक नसतो.

म्हणून परवा, पंगती उठल्यावर, मला ते दोन लेख पुन्हा वाचायची हुक्की आली. अनुदिनीवर मी चौदा वर्षांत गेलो नव्हतो. जाण्यासाठी ज्या जुन्या मेलचा पत्ता हवा, त्याचा पासवर्ड आठवेना. तिथे एक सोय होती. तेव्हा आपणच एक प्रश्न ठरवायचा आणि त्याचं उत्तर देऊन ठेवायचं, म्हणजे पुढे विसरलं तर दार उघडता येतं. माझा प्रश्न समोर आला. 'पोहायला कुठे शिकलो?'

हसूच आलं. मी लिहिलं, गोदावरी. चूक. गोदाघाट. चूक. रामकुंड, चूक. गांधी तलाव, तोही चूक. मग हेच सगळं रोमनमध्ये. उद्या प्रयत्न करा, असं म्हणून त्याने मला हाकललं. मी बायकोला म्हटलं, बघ, मी पोहायला कुठे शिकलो हे मला माहीत आहे की यंत्राला? ती म्हणाली, "तुम्ही पोहताना मी कधी बघितलंच नाही."

संध्याकाळी आत्याचा फोन आला. ब्याऐंशी वर्षांची आहे, कुठल्याही गटात नाही. "काय रे, उतरलं का गंगेचं पाणी?"

जुनी नाशिककर माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. आमच्या घरीही तोच शब्द होता. गंगेवर जाऊन येतो, गंगेवर भाजी स्वस्त आहे, गंगेवर नको भटकूस दुपारचा. मी तो कधी सोडला ते मला सांगता येणार नाही. गोदामाई, गोदाघाट, गोदाकाठ हे पेपरातले आणि फोटोखालचे शब्द कधीतरी तोंडात येऊन बसले आणि घरच्याला उठवलं.

आत्याला म्हटलं, उतरतंय, कमरेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचाही फोटो न उघडता आधी ते पान उघडलं आणि लिहिलं, 'गंगेवर'.

दार उघडलं. आत चार हजार जाहिराती माझी वाट बघत होत्या.