मामा, उद्या भरती किती वाजता?

आज रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची स्पर्धा होती. एक मोठा, एक लहान अशी जोडी. माझ्या जोडीला ९ वर्षांची भाची. गरी (गळ) मुलांनीच टाकायची, एवढाच नियम.

काजळी नदीचं पाणी भरतीला लागलं होतं. कोळंबी सोलून गरीचं टोक आत लपेल अशी कशी ओवायची, हे तिला दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तिने माझा हात बाजूला केला. पहिलाच मासा लागला तो शेंगटी! भाची तो धरायला धावली आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. शेंगटीचे काटे विषारी, टोचले की तासन्‌तास ठणका. मनगट धरून तिला मागे ओढलं, मग फडक्याने धरून गरी सोडवली.

नंतर तळहाताएवढा तांबोशी मासा लागला. तांबोशीची पिल्लं कांदळवनात वाढतात, मोठी झाली की समुद्रात जातात, असं सांगितलं. काही न बोलता तिने हात पाण्यात बुडवले आणि ओल्या ओंजळीतून पिल्लू सोडून दिलं. मला भरूनच आलं.

नंबर आला नाही. रात्री जेवताना म्हणाली, "मामा, उद्या भरती किती वाजता?"

आजच्यापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा, बाळा. जाऊया.