अ‍ॅटली आणखी एक वर्ष थांबले असते तर

जर-तरच्या इतिहासात जितकी लहान गोष्ट बदलावी, तितका तो विश्वासार्ह होतो असे मी मानतो. म्हणूनच १९५० चे दशक ब्रिटनच्या मजूर पक्षाला मिळाले असते का, या प्रश्नाचा विचार करताना मी एखादे युद्ध रद्द करत नाही किंवा कुणा नेत्याला दीर्घायुष्य देत नाही. मी केवळ मजूर पक्षाचे पंतप्रधान क्लेमेंट अ‍ॅटली यांनी ठरवलेली २५ ऑक्टोबर १९५१ ही मतदानाची तारीख पुढे ढकलतो.

त्या दिवशी मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मते मिळाली. पुढे १९९२ पर्यंत कोणत्याही ब्रिटिश पक्षाला तेवढी मते मिळवता आली नाहीत. चर्चिल यांचा हुजूर पक्ष आणि त्याचे सहकारी दोन लाखांहून अधिक मतांनी मागे राहिले, तरीही जागा मात्र त्यांना ३२१ आणि मजूर पक्षाला २९५ मिळाल्या. कोळसा खाणींच्या पट्ट्यात मजूर पक्षाच्या मतांचे ढीग साचले होते आणि काठावरच्या मतदारसंघांत त्यांचा काही उपयोग नव्हता. शिवाय उदारमतवादी पक्षाने आदल्या वर्षी ४७५ उमेदवार उभे केले होते, ते या वेळी १०९ वर आले, आणि त्यांच्या मोकळ्या झालेल्या मतदारांपैकी अधिक जण चर्चिल यांच्याकडे वळले. (स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान हिमाचलातील चिनी तहसिलात सुरू झाले तेही याच दिवशी, आणि सर्वाधिक मते मिळवणारा विजयी या त्याच पद्धतीने.)

संसदेची मुदत १९५५ पर्यंत असताना अ‍ॅटली यांनी इतकी घाई का केली? १९५० च्या निवडणुकीत त्यांना जेमतेम पाचचे बहुमत मिळाले होते, मतदानासाठी आजारी सभासदांनाही सभागृहात आणावे लागत असे, आणि राजे सहावे जॉर्ज लांबच्या राष्ट्रकुल दौऱ्यावर असताना सरकार डळमळू नये, ही त्यांची प्रामाणिक चिंता होती. परराष्ट्रमंत्री हर्बर्ट मॉरिसन आणि अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांना ही घाई मान्य नव्हती. १९ सप्टेंबरला निवडणुकीची घोषणा झाली आणि २३ तारखेला राजांच्या फुप्फुसावर मोठी शस्त्रक्रिया झाली. ज्या दौऱ्यासाठी सत्ता पणाला लावली, त्या दौऱ्यावर राजे कधी गेलेच नाहीत. अ‍ॅटली यांच्या कर्तव्यनिष्ठेबद्दल मला नितांत आदर आहे, पण या निर्णयाची हळहळ मला अजूनही वाटते.

कारण ती वेळच सर्वांत वाईट होती. कोरियन युद्धामुळे कच्च्या मालाचे भाव कडाडले होते, शस्त्रसज्जतेचा खर्च भागवण्यासाठी गेट्स्केल यांनी सरकारी आरोग्यसेवेत मोफत मिळणाऱ्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावले होते, आणि त्यावरून अन्यूरिन बेव्हन व हॅरॉल्ड विल्सन मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. १९५२ मध्ये आयात मालाचे भाव उतरले, परकीय व्यापाराचा ताळेबंद सावरला आणि त्याचे श्रेय आयतेच हुजूर पक्षाच्या पदरात पडले. चहाचे रेशनिंग ऑक्टोबर १९५२ मध्ये, मिठाईचे फेब्रुवारी १९५३ मध्ये आणि मांसाचे जुलै १९५४ मध्ये संपले. मजूर पक्षाला नियंत्रणे सोडवत नव्हती, हा आरोप मला पटत नाही. कपड्यांचे रेशनिंग विल्सन व्यापारमंत्री असताना १९४९ मध्येच उठले होते. सुबत्ता आली त्या वेळी हाच पक्ष सत्तेवर असता, तर ‘रेशनकार्डाचा पक्ष’ हा शिक्का त्याच्यावर टिकला नसता.

माजी परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांचे निधन झाले होते, माजी अर्थमंत्री स्टॅफर्ड क्रिप्स आजारपणामुळे आधीच निवृत्त झाले होते, आणि पाचच्या बहुमतावर आणखी एक हिवाळा काढणे सोपे नव्हते, हे मान्य करावेच लागेल. तरीही १९५२ च्या शरद ऋतूपर्यंत तग धरता आला असता, तर लहानसे पण पुरेसे बहुमत मिळाले असते, असे मला वाटते. फेब्रुवारी १९५१ मध्ये राष्ट्रीयीकरण झालेला पोलाद उद्योग चर्चिल सरकारने पुन्हा खासगी मालकांकडे देण्याचा कायदा १९५३ मध्ये केला. तो झाला नसता.

इराणबद्दल मात्र मी अधिक सावध आहे. इराणने ताब्यात घेतलेला अबादानचा ब्रिटिश तेलशुद्धीकरण कारखाना बळाने परत घेण्यास अ‍ॅटली मंत्रिमंडळाने नकार दिला होता, पण परराष्ट्रमंत्री मॉरिसन यांचा कल बळाच्या वापराकडे होता. ऑगस्ट १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांना हटवताना लंडन आणि वॉशिंग्टन यांचे एकमत होते. लंडनमध्ये अ‍ॅटली असते तर ते इतक्या सहज झाले नसते, एवढेच मी खात्रीने म्हणू शकतो.