पाडव्याआधी घर हलके करताना : माझा अनुभव

दिवाळीपूर्वीची साफसफाई बहुतेक घरांत पाहुण्यांच्या नजरेसाठी होते. जे दिसते ते घासले जाते आणि जे दिसत नाही ते पुन्हा माळ्यावर ढकलले जाते. होळी आणि गुढीपाडवा यांच्यामधल्या पंधरवड्यातली आवराआवर मात्र घरात राहणाऱ्यांच्या सोयीसाठी असते, असे माझे मत यंदा पक्के झाले. पंचांगात चैत्र-वैशाख हा वसंत असला, तरी पुण्यात पाडव्याच्या सुमारास दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागतो. त्यात आमचे घर कोथरूडमध्ये, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आणि दिवाणखाना पश्चिमेला. अशा घराला नवी कळा आणायची, तर शोभेपेक्षा पुढच्या अडीच महिन्यांच्या उन्हाचा विचार आधी करावा लागतो. म्हणून कामाचा क्रम मी आधीच ठरवून टाकला : पहिल्यांदा वस्तू काढायच्या, मग धुणे-पुसणे, मग जागच्या जागी लावणे आणि खरेदी, लागलीच तर, सगळ्यांत शेवटी.

सुरुवात माळ्यापासून केली, कारण माळा रिकामा झाल्याशिवाय कपाटातल्या थंडीच्या कपड्यांना जागा होत नाही आणि कपाट मोकळे झाल्याशिवाय बाकी काहीच हलत नाही. तिथे सापडलेल्या ऐवजात पितळी घंगाळ, पुरणयंत्र, आतली चकती हरवलेला सोऱ्या, कुकरशिवाय उरलेली कुकरची झाकणे आणि मुख्यतः रिकामी खोकी होती. मिक्सर, टीव्ही, इस्त्री अशा प्रत्येक वस्तूचे खोके 'वॉरंटीला लागेल' म्हणून जपलेले होते, आणि त्यांतल्या दोन-तीन वस्तू घरातून केव्हाच निघून गेलेल्या होत्या. आई खाली खुर्ची टाकून बसली होती. मी एकेक वस्तू खाली दिली की ती म्हणे, "राहू दे रे, अडीनडीला लागतं." शेवटी आमच्यात तोडगा निघाला : ज्या वस्तूची अडीनडी नेमकी कोणती ते आईला सांगता येईल ती राहील, बाकी जाईल. घंगाळ आणि पुरणयंत्र या कसोटीवर टिकले; झाकणांची वकिली आईलाही जमली नाही.

काढलेल्या वस्तू कुठे द्यायच्या हे आधी ठरवले नाही, तर त्या दाराशी पडून राहतात आणि हळूहळू परत आत येतात. खोकी आणि रद्दी भंगारवाल्याकडे गेली. जुने चार्जर, बंद पडलेला रेडिओ आणि वायरी कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेकडे दिल्या. पुण्यात ही मंडळी रोजच्या कचऱ्याखेरीज अशा वस्तूही वेगळ्या घेतात. जरीच्या आणि धड असलेल्या साड्या बोहारणीसाठी ठेवल्या. सुती साड्या आणि विरलेले सदरे मात्र तिला दिले नाहीत, कारण त्यांची गोधडी होते, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात पहाटे अंगावर घ्यायला मऊ सुती गोधडीइतके सोयीचे पांघरूण दुसरे नाही.

फाल्गुनातल्या उन्हाचा उपयोग मला अंथरूण-पांघरुणासाठी सर्वांत जास्त वाटतो. ऊन कडक असते, हवा कोरडी असते आणि पावसाची शक्यता फारशी नसते. रजया आणि स्वेटर धुऊन, दोन्ही बाजूंनी कडकडीत वाळवून, पूर्ण निवल्यावर डांबराच्या गोळ्यांसह बांधून माळ्यावर गेले. गरम असतानाच बांधले, तर आत दमटपणा धरतो. कापसाच्या दोन गाद्यांत गठळ्या झाल्या होत्या. गादीवाल्याकडे त्या उसवून कापूस यंत्रावर पिंजून घेतला, तेव्हा त्यातून निघालेली धूळ पाहून माझी सकाळची शिंकांची माळ कुठून येत होती याचा अंदाज आला. नवे अभ्रे शिवून त्याच कापसाच्या गाद्या संध्याकाळपर्यंत घरी आल्या. फोमच्या गादीपेक्षा त्या उन्हाळ्यात कमी तापतात, असा माझा अनुभव आहे.

पश्चिमेच्या उन्हाचा बंदोबस्त हा या सगळ्यातला कळीचा भाग. जाड पडदे आतून लावून फारसा फरक पडत नाही, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याला आणि पडदा खोलीला तापवतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवावे लागते. म्हणून जाड पडदे धुऊन ठेवून दिले आणि खिडक्यांना बाहेरच्या बाजूने बांबूच्या चिका टांगल्या. गॅलरीच्या दाराला वाळ्याचा पडदा लावला. दुपारी त्यावर पाणी शिंपडले की येणारी झुळूक गार आणि सुगंधी होते. हे पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत जमते. मुंबईत किंवा कोकणात हवेतच इतका दमटपणा असतो की पाणी उडून जात नाही आणि गारवाही येत नाही, त्यामुळे तिकडच्या आप्तांना मी हा सल्ला देत नाही.

गच्चीवर चुना मारण्यासाठी सोसायटीच्या कार्यकारिणीची परवानगी लागली. गच्ची झाडून धुतली, चुना रात्रभर भिजवून सकाळी गाळला, तो सुटू नये म्हणून त्यात थोडे फेविकॉल मिसळले आणि रुंद ब्रशने दोन हात दिले. ऊन चढण्याआधी काम उरकावे आणि डोळ्यांवर काळा चष्मा ठेवावा, कारण पांढऱ्या गच्चीवरची तिरीप सहन होत नाही. पूर्वी दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरा-बारापर्यंत ऊब सोडत राहायचा आणि पंखा गरम वाराच खाली ढकलायचा. तो त्रास लक्षात येण्याइतका कमी झाला. पावसाळ्यात हा चुना धुपून जातो, त्यामुळे खर्च दरवर्षीचा धरावा लागतो, पण तो किरकोळ आहे. एसीची जाळी धुतली आणि तापमान २६ अंशांवर ठेवले. २०२० पासून नव्या एसींवर २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिलेले असले, तरी पंखा सोबत चालू असेल तर २६ पुरते.

स्वयंपाकघरात वर्षाचे गहू भरण्याची जुनी पद्धत आमच्या तीन माणसांच्या घरात आता झेपत नाही, तरी नवे गहू याच दिवसांत बाजारात येत असल्याने काही महिन्यांचे घेतले. ते उन्हात वाळवून, निवून, सावलीत सुकवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे थर देत कोठीत भरले. तूरडाळीला एरंडेलाचा हात लावला. माठ नवा घेतला. तो एक रात्र पाण्याने भरून ठेवला, ते पाणी झाडांना घातले आणि मग वापरायला काढला. माठाला साबण कधी लावू नये. छिद्रे बुजली की पाणी गार होत नाही. आत वाळ्याची जुडी टाकतो आणि अधूनमधून ती उन्हात सुकवून पुन्हा वापरतो.

गॅलरीतल्या मोगऱ्याची छाटणी थंडी सरतानाच, फेब्रुवारीत, उरकली होती. आता फक्त माती भुसभुशीत करून शेणखत घातले. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या, कुंड्यांत वाळका पाला पसरला आणि नाजूक झाडांवर हिरवी जाळी बांधली.

दिनक्रमातला बदल घराइतकाच गरजेचा होता आणि त्याला पैसे पडले नाहीत. संध्याकाळचे फिरणे बंद करून मी उजाडताच वेताळ टेकडीवर जाऊ लागलो. या दिवसांत पांगारा आणि पळस फुललेले असतात, तेवढे आमिष मला पुरते. आयुर्वेदातील ऋतुचर्या वसंतात हलका आहार आणि व्यायाम सांगते, दिवसा झोपू नये असेही सांगते. आपण मात्र याच ऋतूत होळीला पुरणपोळी आणि पाडव्याला श्रीखंड-पुरी खाऊन दुपारी आडवे होतो. आम्ही सणांचे दोन दिवस सोडून दिले आणि एरवी रात्रीचे जेवण आठच्या आत, तेही मुगाची खिचडी किंवा ज्वारीची भाकरी-भाजी, असे ठरवले. आतापर्यंत ते बऱ्यापैकी पाळले गेले आहे.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तांब्याचा गडू चिंच-मिठाने घासून ठेवला होता. सकाळी गुढी उभारली, गूळ, जिरे, हिंग घालून वाटलेली कडुनिंबाची गोळी खाल्ली, आणि खरेदीची यादी काढली तेव्हा त्यात चिका, वाळ्याचा पडदा, माठ आणि विजेची बचत करणारा एक पंखा एवढेच होते. आता गच्ची वाळवणासाठी आईच्या ताब्यात गेली आहे. चुन्यावर सरळ काही घालता येत नसल्याने कुरडया-पापडांखाली जाड प्लास्टिक आणि त्यावर जुने धोतर अंथरावे लागते, आणि ते धोतर माळ्यावरून मीच काढून टाकायला निघालो होतो, याची आठवण ती रोज करून देते.