गाळाला पण गिऱ्हाईकं रांगेत

मी न्यू ऑर्लिन्सला राहतो, काम हायड्रोग्राफिक सर्वेचं. सोप्या भाषेत सांगायचं तर बोटीखाली मल्टिबीम, म्हणजे आवाजाने खोली मोजणारं यंत्र, लावायचा, मिसिसिपीचा तळ मोजायचा आणि कुठे किती गाळ आहे ते ज्याला हवं त्याला सांगायचं. गावी सांगितलं की लोक हसतात, गाळ मोजायचे पैसे मिळतात म्हणून. पण इथे गाळाला सोन्याचा भाव आहे. लुईझियानाचा किनारा 1932 ते 2016 मध्ये जवळजवळ 4,800 चौरस किलोमीटर पाण्यात गेला, म्हणजे शहर-उपनगर धरून आठ मुंबया. नदीचा गाळ पूर्वी पुरात पसरायचा तो तटबंदीमुळे नदीतच अडकला आणि वर धरणं झाल्यावर येतोही अर्ध्याहून कमी. त्यामुळे आता ड्रेजरने वाळू उपसून मैलोनमैल पाईपातून दलदलीत टाकतात आणि त्यावर गवत धरतं. पाईपाच्या तोंडाशी एकदा उभा राहिलोय मी, काळं पाणी धबधबा पडतं, आतून वाळू खरखरत येते आणि सीगल तर वेडे होतात, गाळाबरोबर काय काय खायला येतं ना.

तर सप्टेंबर 2023 चा शेवटचा आठवडा. नदी एवढी आटलेली की खालून समुद्राचं खारं पाणी वर चढत होतं, आणि इथे प्यायचं पाणी याच नदीचं. खारं पाणी जड, ते तळाने सरकतं, वरून बघाल तर काही कळणार नाही. सेकंदाला 3 लाख घनफुटाच्या आसपास पाणी वाहत असलं तर ते मागे राहतं, तेव्हा त्याच्या निम्मंच होतं. म्हणून मर्टल ग्रोव्हपाशी, 64 मैलाच्या खुणेजवळ, नदीच्या तळात जुलैपासून आडवा बांध घातलेला, तोही नदीच्याच तळातला गाळ उपसून. आमच्याकडे खारेपाटात खाडीच्या कडेने बांध, इथे पाण्याखाली, एवढाच फरक. 20 तारखेच्या सुमारास खारं पाणी त्याच्याही वरून गेलं. मग ठरलं की बांध 25 फूट वाढवायचा, मधे जहाजांना 55 फूट खोलीची खाच ठेवून.

मला त्या दिवशी जायचं होतं दुसऱ्याच कामाला. वाळूचा एक पट्टा मोजायचा होता, पुढच्या दलदलीच्या कामासाठी राखलेला. सकाळी सहाला बोट सोडतोय तोवर साहेबांचा फोन, की तिथली वाळू बांधाला लागेल, आजचे आकडे आधी बांधवाल्यांना दे, दलदलवाले नंतर. मी म्हटलं सर हा पट्टा दलदलवाल्यांच्या प्लॅनमधे आहे, एवढी वर्षं परमिटला गेली. ते म्हणाले लोकांना प्यायला पाणी नाही, तू वाळूचं काय घेऊन बसलास.

डोकं तापलं माझं. ही वाळू काय नळ सोडला की येणारी वस्तू नाही ना. उपसलेला खड्डा पुराच्या पाण्यानेच परत भरतो आणि त्या वर्षी पूर कसला, नदीच आटलेली. त्यात जहाजवाल्यांचं तिसरंच. ते साऊथवेस्ट पासमधून, म्हणजे नदीच्या मुखाच्या जहाजवाटेतून, वर्षभर गाळ उपसतच असतात पण त्यांना तो लवकर आणि स्वस्तात बाजूला हवा, दलदलीपर्यंत न्यायचा तर पाईप हवा, बूस्टर पंप हवा, ज्यादाचं बिल कोण भरणार यावरच मीटिंगा संपतात.

आमचा बोटीवरचा म्हातारा कॅप्टन समुद्राकडच्या प्लाकमिन्स जिल्ह्याच्या खालच्या टोकाचा. त्याला मी हे सगळं तावातावाने सांगितलं. त्याने ऐकलं आणि थर्मास पुढे केला, "पी. बाटलीच्या पाण्याची आहे कॉफी. जूनपासून आमच्या नळाला मीठ येतंय." मग म्हणाला, "आणि तुझा बांध काय टिकतो रे, पुढच्या पुरात वाहून जाणार, खाली जहाजांच्या वाटेत बसणार, मग तीच वाळू परत उपसतील." तुझा बांध म्हणे! मी तर सकाळपासून बांधाच्या विरोधात बोलत होतो.

आकडे दुपारी पाठवले. दलदलीच्या कामावरच्या बाईंचा लगेच फोन, किती उरेल? मी म्हटलं ते किती नेतात त्यावर. त्या काही बोलल्याच नाहीत, नुसतं "ओके".

घर माझं नदीपलीकडे अल्जियर्सला. अंदाज होता की खारं पाणी आमच्या खालच्या बेल चास गावाला 13 ऑक्टोबरला आणि आमच्याकडे 22 ला पोचणार. संध्याकाळी दुकानात गेलो तर पाण्याचं अख्खं शेल्फ मोकळं, उरला होता लिंबाच्या वासाचा सोडा. त्याचेच दोन क्रेट घेतले. आईला फोन केला, तिने बातमी बघितलेली, म्हणाली "अरे कळशी हंडे काय असेल ते भरून ठेव, गावी बांधाला खांड पडली की सगळ्या विहिरी खारट व्हायच्या, आजोबा बांधावर आणि आम्ही बायका पाण्याला." कळशी कुठली इथे, बाथटब भरून ठेवला. मग लॅपटॉप उघडून बांधवाल्यांना पाठवलेले आकडे परत एकदा तपासले, चूक नको म्हणून.

पाणी शेवटी अल्जियर्सपर्यंत आलं नाही. बांध पुढच्या पुरात गेला, आणि सप्टेंबर 2024 मधे परत घालायला घेतला. कॅप्टन तेव्हा रिटायर झालेला, नाहीतर ऐकवलं असतं त्याने.