जमतं का?

"जिना चढायला जमतं का काकू?" फिजिओथेरपीवाल्या मुलीने विचारलं. आई म्हणाली, "छे गं, अजिबात नाही." बाबांचं उत्तर प्रश्न संपायच्या आतच तयार. "मला काय धाड भरलीय? रोज इंदुरात रामबागेतून राजवाड्यापर्यंत पायी जाऊन येतो."

मग तिने दोघांना पाळीपाळीने खुर्चीवर बसवलं. हात छातीशी, तीस सेकंद, किती वेळा पूर्ण उभं राहून बसता ते मोजायचं. आईचे नऊ झाले. बाबांनी पाचव्याला हळूच मांडीवर हात टेकला. हात टेकला की गणती बाद. "खुर्ची बुटकी आहे," बाबा म्हणाले. खुर्ची सतरा इंचांची होती, आईलाही तीच दिली होती.

गुडघ्याच्या संधिवातात हे नेहमीचंच, असं ती म्हणाली. माणूस सांगतो ते आणि घड्याळ सांगतं ते, यांचं जेमतेम जुळतं. विचारतात हालचालीचं, पण उत्तर देतं दुखणं. गुडघा बदलल्यावर तर पहिल्याच महिन्यात लोक खुशीत सांगतात, आता छान चालता येतं. आणि मोजलं तर ऑपरेशनआधीपेक्षा सावकाश चालत असतात. ठणका गेला, एवढंच खरं असतं.

संधिवातवाल्यांना विचारायची प्रश्नावलीही मजेदार. वोमॅक नावाची, कॅनडात तयार झालेली, चोवीस प्रश्नांची. त्यात मोजे घालणं आहे, मोजे काढणं आहे, बाथटबमध्ये उतरणंही आहे. आईने जन्मात टब पाहिला तो सिनेमात. मांडी घालून पूजेला बसणं मात्र मूळ यादीत नाही, आणि आईचं सगळं रडगाणं तिथेच.

मला वाटतं, घोळ 'जमतं' या शब्दातच आहे. जिना जमत नाही म्हणणारी आई पाऊस आला की गच्चीवरचे पापड आणायला सर्वांच्या आधी वर पोचते. विचारलं तर म्हणते, "जमतं कुठे? करावं लागतं." बाबांचा चहा, पाणी, चष्मा, सगळं जागेवर येतं, त्यांना न जमायला संधीच मिळत नाही.

परवा रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गेलो. गराडू म्हणजे तळलेला कंद, भुट्ट्याचा कीस, मग जिलबी. दोघं तासभर उभे. "अम्माजी, स्टूल दूँ?" गराडूवाल्याने विचारलं. आई म्हणाली, "नहीं भिया, ठीक है."

घरी आलो. पहिल्याच पायरीशी आई थबकली. "धरा हो जरा मला." बाबा म्हणाले, "चल, धरतो." आणि एक हात तिच्यापुढे केला. दुसऱ्या हाताने त्यांनी कठडा गच्च पकडला होता.