पाच फूट सहा इंचांचा विंगर

अक्काचा मुलगा कॅनडात, ओन्टारिओमध्ये आइस हॉकी खेळतो. वय सोळा, उंची पाच फूट सहा इंच, जागा लेफ्ट विंग. "पुढं यातच जायचं म्हणतंय पोरगं. बारीक हाय खरं. जमंल काय रे? तू बघून सांग," असं अक्का फोनवर म्हणाली. मी खानापूर तालुक्यातल्या शाळेत पोरांना हॉकी शिकवून निवृत्त झालो, तीही मैदानावरची. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलेल्या संघातले बंडू पाटील आमच्या बेळगावचे. त्यामुळं इथं स्टिक धरलेल्या कुणालाही हॉकीतलं सगळं कळतं असा समज आहे.

दाजींनी आधी गोलांचे तुकडे जोडलेला व्हिडिओ पाठवला. असल्या व्हिडिओत कुठलंही पोरगं हिरोच दिसतं. मी पूर्ण सामने मागवले, शक्यतो हरलेले.

पहिल्यांदा बघितलं ते भिंतीजवळ. आपल्या भागातून पक, म्हणजे बर्फावरची चेंडूऐवजीची रबरी चकती, बाहेर काढताना विंगर कडेच्या फळीला लागून उभा असतो. बचावपटू पक त्याच्याकडं पाठवतो आणि त्याच क्षणी समोरचा धिप्पाड गडी अंगावर येतो. बुटकं पोरगं इथंच चिरडतं. भाचा पक यायच्या आधी दोनदा खांद्यावरून मागं बघतो आणि धक्का बसायच्या आत एका स्पर्शात पक सेंटरकडं ढकलतो. मग धक्का बसला तरी पक निघून गेलेला असतो. ही नजर मैदानी हॉकीतही लागते, म्हणून मला ओळखता आली. अशी पोरं मला आयुष्यात फार मिळाली नाहीत.

मग गुणांचा हिशेब. त्याचे बरेच गोल आणि असिस्ट पॉवर प्लेमधले निघाले, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना. तेव्हा जागा मोकळी मिळते. पाच विरुद्ध पाच असताना तो कडेकडेनं फिरतो, गोलसमोर घुसत नाही, लांबूनच मारतो. हे मला खटकलं.

जन्मतारखेनं मात्र डोकं चक्रावलं. तो नोव्हेंबरचा. तिथं मुलांचे वयोगट जानेवारी ते डिसेंबर धरतात, म्हणजे हा गटातला जवळजवळ सगळ्यात लहान. एनएचएल ही तिथली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग; तिच्या ड्राफ्टला, म्हणजे संघ नवी पोरं निवडतात त्याला, मात्र १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण लागतात, म्हणून बरोबरीच्या बहुतेक पोरांपेक्षा याला एक वर्ष जास्त मिळतं. दाजींची उंचीही बेताचीच, त्यामुळं त्या वर्षात ताडमाड वाढेल ही आशा मी धरली नाही. पायांत ताकद भरायला मात्र ते वर्ष सोन्यासारखं आहे.

दाजींचा युक्तिवाद ठरलेला: एनएचएलचा मार्टिन सेंट लुई पाच फूट आठ, ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, आणि २००४ मध्ये सर्वाधिक गुण, मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी आणि विजेतेपदाचा स्टॅनली कप, सगळं एकाच हंगामात. खरं आहे. २००४-०५ चा हंगाम रद्द झाला, त्यानंतर धरणं-अडकवणं यावर पंच कडक झाले आणि चपळ पोरांना वाव मिळाला, हेही खरं. पण तिथलाच दुसरा बुटका खेळाडू डीब्रिंकॅट पाच फूट सात असून २०१६ च्या ड्राफ्टमध्ये एकोणचाळिसावा निवडला गेला, तो ज्युनियरमध्ये हंगामाला पन्नासाच्या वर गोल मारून. बुटक्याकडं एक तरी गोष्ट इतरांपेक्षा ठळक लागते. भाच्याची नजर ठळक आहे, शॉट नाही.

मी तसंच लिहून पाठवलं: व्यावसायिक खेळेल, बहुधा युरोपात किंवा खालच्या लीगमध्ये. एनएचएल म्हणायचं तर आधी गोलसमोर घुसायला शीक. पोरगं दोन दिवस बोललं नाही. मग मेसेज आला, "मामा, कुठले सामने बघितले?"

आता घरात वाद रस्त्याचा आहे. अक्काला कॉलेज पाहिजे, पोराला मेजर ज्युनियर, म्हणजे तिथली विशीपर्यंतच्या पोरांची वरची लीग. ऑगस्ट २०२५ पासून मेजर ज्युनियर खेळलेल्यालाही अमेरिकन कॉलेजात खेळता येतं, त्यामुळं मी म्हटलं, आधी ज्युनियरच्या चाचणीला जाऊ दे. अक्का अजून तयार नाही.